हातमोज्यांची एकच जोडी

मास्तरच्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या मुळापासून करंगळीखालच्या उंचवट्यापर्यंत एक तिरपी, गुळगुळीत पट्टी आहे. त्या पट्टीत रेषा नाहीत. डाव्या हातालाही तशीच एक आहे, पण आखूड आणि फिकट. टाळीसाठी त्याने हात पुढे केला की ती माझ्या हाताला लागते आणि दर वेळी माझं बोलणं क्षणभर अडतं. त्याचं अडत नाही.

ती पट्टी २८ जानेवारी १९९६ ची आहे, मदनगडाच्या कातळावरची, आणि ती माझ्यामुळे आहे. हे मला घटनेनंतर पाच तासांनी कळलं. तिच्यापायी त्याला आणखी काय सोसावं लागलं ते कळायला बारा वर्षं गेली. आजवर मी हे लिहिलं नाही, त्याला आवडणार नाही असं वाटायचं. पण या हिवाळ्यात आम्ही दोघं पुन्हा आंबेवाडीला जाऊन आलो आणि आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

१९९५ च्या पावसाळ्यात माझे वडील गेले. आजारी वगैरे नव्हते. संध्याकाळी कामावरून आले, चहा मागितला आणि चहा पुढ्यात यायच्या आत सगळं संपलं. मी सव्वीस वर्षांचा होतो. कल्याणच्या दोन खोल्यांत आई आणि मी उरलो. तोवर माझा एकही महिना डोंगराशिवाय गेला नव्हता. त्यानंतर मी सॅक माळ्यावर टाकली. कामावर जायचं, परत यायचं आणि वडिलांच्या खुर्चीकडे पाठ करून जेवायचं. मित्र आले, बसले, 'काही लागलं तर सांग' म्हणून गेले. त्यांचं काही चुकलं नाही. अशा वेळी दुसरं कुणी काय म्हणणार?

मास्तर मात्र दर रविवारी सकाळी यायचा. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, कल्याणच्याच एका शाळेत गणित शिकवणारा, त्यातही भूमितीवर त्याचा विशेष जीव. आमच्या छोट्याशा गिरिभ्रमण मंडळात सगळे त्याला मास्तरच म्हणत. तो यायचा आणि आईसमोर जमिनीवर बसायचा. ती मटार सोलत असली की मटार सोलायचा, मेथी निवडत असली की मेथी. सांत्वनाचा एक शब्द त्याने कधी काढला नाही. आईने वडिलांचा विषय काढला तर ऐकायचा आणि मधूनच एखादा नेमका प्रश्न विचारायचा, "ते नोकरीला लागले तेव्हा पगार किती होता हो काकू?" असा. मग आई तासभर बोलायची. त्या घरात मी तिच्याशी बोलू शकत नव्हतो आणि ती माझ्याशी. तिला बोलतं ठेवलं ते त्याने. हे ऋण गडाच्या आधीचं.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो म्हणाला, "येती सव्वीस जानेवारी शुक्रवारी आलीय. जोडून शनिवार-रविवार. अलंग-मदन करू. दोघंच."

मी नाही म्हणालो. आई तांदूळ निवडत होती. ती उठली, ट्रंक उघडली आणि वडिलांचा राखाडी मफलर माझ्यापुढे ठेवला. "तिकडे थंडी असेल," एवढंच म्हणाली.

कळसूबाईच्या पश्चिमेला, त्याच रांगेत, अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड खांद्याला खांदा लावून उभे आहेत. तिन्ही साडेचार हजार फुटांच्या वरचे. आंबेवाडीतून दक्षिणेकडे पाहिलं की डावीकडे अलंगचा लांबरुंद माथा, मध्ये मदनचा निमुळता कातळ आणि उजवीकडे कुलंग. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, पुन्हा कुणी वर ठाण मांडून बसू नये म्हणून. अलंग-मदनच्या पायऱ्याही त्याच वेळी गेल्या असं सांगतात. पायऱ्या जिथे तुटल्या तिथे आता उभा कातळ आहे आणि तेवढ्या तुकड्यापुरता रोप लावल्याशिवाय आमच्यासारख्याला वर जाता येत नाही. डोंगरातली माणसं त्या तुकड्याला 'पॅच' म्हणतात. अलंगचा पॅच सत्तर-ऐंशी फुटांचा, मदनचा त्याहून लहान. पण मदनला पोहोचण्याआधी कड्याच्या पोटातून जी आडवी वाट जाते तिचं दृष्टिभय पॅचपेक्षा मोठं. एका बाजूला खांदा घासणारा दगड आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा.

शाळेतलं झेंडावंदन उरकून मास्तर तसाच पांढऱ्या सदऱ्यात स्टेशनवर आला, छातीवरचा कागदी तिरंगा अजून टाचणीला लावलेला. कसाऱ्यापर्यंत लोकल, घाट चढायला जीप, घोटीहून शेवटची एसटी. आंबेवाडीत उतरलो तेव्हा अंधार पडला होता. हा महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांचा मुलूख. खाचरांतून भात, चढावर नागली आणि वरई, त्याच्याही वर खुरासणी. आमचे वाटाडे मामा. त्यांचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. मास्तरला ते आधीपासून ओळखत. कंदील माझ्या तोंडासमोर धरून त्यांनी विचारलं, "ह्यो नवा का?"

"नवा नाही मामा," मास्तर म्हणाला. "मधे थांबला होता."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा आम्हाला घेऊन निघाले. जंगल संपलं की दगडधोंड्यांनी भरलेली नाळ लागते. ती सरळ अलंग आणि मदनच्या मधल्या खिंडीत चढते. मामा अनवाणी पुढे, पाठीवर आमच्यातली जड सॅक. खिंडीत पोहोचल्यावर त्यांनी सॅक उतरवली, घाम पुसला आणि म्हणाले, "उद्या दिस बुडायच्या आत खाली या. न्हाई आलात तर मी वर येईन." आणि माघारी गेले.

मंडळाचे शंभर-शंभर फुटांचे दोन नायलॉनचे रोप आमच्याकडे होते. कॅराबिनर पाच-सहा, रोपवरून उतरताना वापरायचे डिसेंडर दोन, हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना गुंडाळलेली टेप. आणि चामड्याचे हातमोजे, एकच जोडी. अलंगच्या पॅचवर मास्तर लीड करत चढला आणि खालून मी त्याला बिले दिला. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोपच्या दोन टोकांना दोन माणसं असतात. एक चढतो किंवा उतरतो. दुसरा एका जागी पाय रोवून बसतो, रोप कमरेमागून घेतो आणि दोन्ही हातांनी तो सोडत किंवा ओढत राहतो. चढणाऱ्याला सगळा मुलूख दिसतो, कळसूबाई दिसते, भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. बिले देणारा फक्त रोपकडे बघतो. वरचा निसटला तर त्याचं सगळं वजन खालच्याच्या तळहातांवर येतं. त्या सकाळी आधी त्याचा जीव माझ्या हातात होता. तो निसटला नाही.

मग माझी पाळी. निम्म्यावर एका अरुंद खाचेत मी अडकलो. पाच महिन्यांत शरीर सगळं विसरलं होतं. पोटऱ्या लटलट कापू लागल्या, बोटांची टोकं सोलवटली. वरून मास्तर ओरडला नाही, धीरही दिला नाही. त्याने विचारलं, "डाव्या हाताला काय लागतंय ते सांग."

"खाच आहे. दोन बोटं मावतील."

"उजव्या पायाखाली?"

"काही नाही. नाही, थांब, जरासा उंचवटा आहे."

"किती इंच?"

मी इंच सांगितले. अशी तीन-चार उत्तरं देईपर्यंत मी तिथून हललो होतो. आईशी बोलायचा तोच तो आवाज, तेच नेमके प्रश्न. माणूस घाबरला की त्याला जे समोर आहे ते मोजायला लावायचं, ही त्याची रीत. मी पुढे माझ्या मुलीलाही ती अशीच लावली.

रात्र अलंगच्या गुहेत काढली. टाक्यातलं पाणी दात सळसळतील इतकं गार होतं. खिचडी खाल्ल्यावर मास्तरने विचारलं, "तुझे वडील कधी डोंगरात आले होते का?" आणि मी बोलायला लागलो. आले होते, एकदाच, कळसूबाईला. ऑफिसचे बूट घालून. लोखंडी शिडीपाशी आल्यावर त्यांनी माझा हात धरला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि चार माणसांत हात धरल्याची मला लाज वाटली होती, म्हणून शिडी संपल्याबरोबर मी तो सोडवून घेतला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच महिने मला रडू आलं नव्हतं, ते त्या रात्री आलं. मास्तर विस्तवात काटक्या सारत बसला. सकाळी गुहेबाहेर आलो तर पूर्वेला कळसूबाई समोरच होती, माथ्यावरचं देऊळ टिंबाएवढं.

निघताना हार्नेस तपासत तो म्हणाला, "मफलर सॅकमध्ये टाक. डिसेंडरजवळ लोंबतं काही नको." मी हो म्हणालो आणि मफलर स्वेटरच्या आत सारला. मला तो गळ्यात हवा होता. अलंगवरून रॅपलिंग नीट झालं. खिंडीतून मदनच्या पायऱ्या, ती आडवी वाट, पॅच, वर पुन्हा कोरीव पायऱ्या. दोनच्या सुमाराला मदनच्या माथ्यावर होतो. तिथे फार रमलो नाही, उजेड मोजकाच होता. ऊन चढल्यावर मी स्वेटर काढून सॅकमध्ये कोंबला. मफलर गळ्यातच राहिला, टोकं शर्टात खोचलेली.

पॅचच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. एका रोपवर मी उतरणार, दुसरा माझ्या कमरेला, त्यावर मास्तरचा बिले. त्याने माझे सोलवटलेले हात पाहिले आणि हातमोजे काढून मला दिले. "तू घाल. मला बसूनच तर राहायचंय."

पंधरा-वीस फूट उतरलो असेन. शर्टात खोचलेलं मफलरचं टोक कधी सुटलं कळलं नाही. डिसेंडरने ते रोपबरोबर आत ओढलं. गळ्याला फास बसला, मान छातीकडे खेचली गेली. अशा वेळी काय करायचं ते आम्ही शिकलो होतो. उजवा हात, रोप आवळून धरणारा हात, काहीही झालं तरी सोडायचा नाही आणि वरच्याला हाक मारायची. मी हाक मारली नाही. मी उजवा हात सोडला आणि दोन्ही हातांनी मफलर उपसला. तो फाटला, सुटला, आणि मी खाली गेलो.

किती? दहा-बारा फूट असेल. तेवढ्या वेळात कातळ माझ्या डोळ्यांसमोरून वर धावला. मग कमरेला जबर हिसका बसला आणि मी लोंबकळत राहिलो. खाली पायरीवर दगड पडल्याचा आवाज, मग दरीत, मग आवाज नाही.

"लागलं का?" वरून आवाज आला. नेहमीचा आवाज.

"नाही."

"रोप उजव्या हातात घे. घेतला? नीट बघून सांग."

"घेतला."

"आता घाई नको. तू सोडशील तेवढंच मी सोडेन."

मला सावरायला बराच वेळ लागला. पुढचे सगळे फूट मी इंचाइंचाने उतरलो आणि तो इंचाइंचाने रोप सोडत राहिला. पाय टेकले तेव्हा गुडघे आपोआप दुमडले. मी गाठ सोडली, वर हाक दिली.

"हातमोजे रोपला बांध," तो म्हणाला. "वर घेतो."

मी बांधले. ते हेलकावे खात वर गेले. मग दोन्ही रोप जोडून तो उतरला, नेहमीसारखा, घाई न करता. रोप खाली ओढून घेतल्यावर म्हणाला, "तू गुंडाळ." मला नवल वाटायला हवं होतं. रोप गुंडाळायचं काम तो कधी कुणाला देत नसे. पुढे म्हणाला, "सॅकचे पट्टे जरा आवळ रे," तेही मी आवळले. पाणी प्यायला त्याने बाटली हातमोज्यांतच धरली. थंडी पडायला लागली होती, मला काही खटकलं नाही. मला एवढंच दिसत होतं की तो बोलत नाही, आणि मी धरून चाललो होतो की तो रागावला आहे. आडवी वाट ओलांडून खिंडीत आल्यावर मी म्हणालो, "मास्तर, चुकलं माझं. तू सकाळी सांगितलं होतंस."

तो थांबला. "मफलर फार फाटला का रे?"

"अर्धा राहिला."

"आईंना मी सांगेन," तो म्हणाला आणि नाळेत उतरू लागला.

नाळ अंधारात उतरायची नसते. अर्धा चंद्र होता, पण झाडीत शिरल्यावर त्याचा उपयोग नव्हता, आणि एकच विजेरी होती, तीही पिवळी पडत चाललेली. घसाऱ्यावरून मास्तर दोनदा घसरला. हात टेकून सावरण्याऐवजी कोपरं टेकून सावरला. मला तेही दिसलं आणि कळलं नाही. आठच्या सुमाराला खालून एक उजेड वर येताना दिसला. हलत, थांबत, पुन्हा हलत. मामा होते. दिवस बुडताना त्यांनी खळ्यावरून खिंडीकडे पाहिलं होतं, माणसं दिसली नाहीत, म्हणून कंदील घेऊन निघाले. दिवसभर शेतात राबलेला साठीचा माणूस, अनवाणी, त्या नाळेत. "म्हनलं व्हतं ना येईन," एवढंच बोलले आणि आमच्या पुढे चालू लागले. प्रत्येक अवघड दगडापाशी ते कंदील खाली धरून उभे राहत, आम्ही दोघं उतरेपर्यंत.

मामांच्या घरी पोहोचलो तेव्हा त्यांच्या घरच्या मावशी चुलीपाशी बसून होत्या. आम्ही भिंतीला टेकलो. त्यांनी दोन ताटल्यांत नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि वालाची आमटी वाढली. मी तुटून पडलो. मास्तर ताटलीकडे बघत बसला होता, हात मांडीवर, हातमोज्यांतच.

"मोजं काढ की रं," मावशी म्हणाल्या. "भाकर तशीच खातोस व्हय?"

तो काही बोलला नाही. उजवा हातमोजा दातांनी ओढू लागला. तो निघेना. मावशी उठल्या, कंदील जवळ आणला, त्याचं मनगट धरलं आणि थांबल्या. चामडं आत हाताला चिकटलं होतं. त्यांनी कोमट पाणी केलं, परातीत ओतलं आणि दोन्ही हात हातमोज्यांसकट त्यात ठेवायला लावले. किती वेळ तरी कुणी बोललं नाही. मग त्यांनी एकेक बोट मोकळं करत हातमोजे काढले. परातीतलं पाणी लाल झालं. उजव्या तळहाताची कातडी त्या तिरप्या पट्टीभर निघून गेली होती, आतलं मांस दिसत होतं. मी दहा-बारा फूट पडलो तेव्हा रोप त्या हातातून धावला होता आणि त्याने तो सोडला नव्हता. त्यानंतर त्याच हातांनी मला इंचाइंचाने खाली सोडलं, त्याच हातांनी रोप जोडले, स्वतः उतरला. हातमोजे माझ्या हातात होते म्हणून ते हात उघडे होते.

मावशींनी जुन्या लुगड्याचा मऊ पदर फाडला, खुरासणीचं तेल लावून दोन्ही हात बांधले. मग ताटलीतली भाकरी आमटीत कुस्करली, ताटली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तू भरव त्याला."

मी भरवलं. तीस-बत्तीस वर्षांचा माणूस, तोंड उघडताना त्याला संकोच होत होता. पहिले दोन घास त्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "चटणी थोडी जास्त घे." मामा दाराशी बसून चिलीम ओढत होते. मावशी चुलीतल्या लाकडाकडे बघत होत्या. माझ्या हाताला त्याचे ओठ लागत होते आणि मला कळसूबाईच्या शिडीवरचा हात आठवत होता.

सकाळी निघताना मामांनी वाट दाखवल्याची मजुरी घेतली. रात्री वर आले त्याचे पैसे देऊ लागलो तर म्हणाले, "त्ये कामाचं नव्हतं."

पुढे काय झालं हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. वर्षभराने मंडळाच्या हिशेबाच्या बैठकीत मी सामानाची वही चाळत होतो. त्यात मास्तरच्या अक्षरात, पण लहान मुलाने लिहावं तशी वाकडीतिकडी नोंद होती, की एका रोपवर पडण्याचा ताण आला आहे, तो यापुढे चढाईला वापरू नये. त्याखाली नव्या रोपचे पैसे जमा, त्याच्या नावावर. मी दुसऱ्या दिवशी अर्धे पैसे घेऊन त्याच्याकडे गेलो. मला वाटलं होतं तो नको म्हणेल. त्याने घेतले, मोजले, खिशात ठेवले. "बरोबर आहेत," म्हणाला. तेव्हा मला ते जरा रुक्ष वाटलं होतं. आता वाटतं, त्याने ते नाकारले असते तर त्यानंतर मी त्याच्याबरोबर रोप बांधू शकलो नसतो.

बारा वर्षांनी, २००८ मध्ये, आमच्या सोसायटीच्या इमारतीची तपासणी करायला एक तरुण स्ट्रक्चरल इंजिनिअर आला. भिंतीवर खडूने खुणा करताना त्याने पट्टी न लावता इतकी सरळ रेघ मारली की मी विचारलं, कुठे शिकलास? त्याने मास्तरच्या शाळेचं नाव सांगितलं, मग मास्तरचंच. "आमच्या दहावीच्या वर्षी सरांनी फेब्रुवारीत फळ्यावर एकही आकृती काढली नाही," तो म्हणाला. "हाताला पट्ट्या होत्या. शेकोटीत भाजलं म्हणाले. सर बाकावर बसायचे आणि आम्हाला एकेकाला फळ्यापाशी उभं करायचे. ते बोलणार आणि आम्ही काढणार. वर्तुळ, स्पर्शिका, चक्रीय चौकोन, सगळं. रेघ चुकली की म्हणायचे, पूस, परत काढ. परीक्षा महिन्यावर आली होती, आम्हाला राग यायचा. पण भूमिती हातात बसली ती तेव्हाच."

तो खडू घेऊन पुढच्या भिंतीकडे गेला. मी जिन्यात बसलो. फेब्रुवारीभर मी मास्तरला भेटत होतो. पहिले पंधरा दिवस तर रोज संध्याकाळी जाऊन त्याच्या हातांची पट्टी बदलत होतो. शाळेचं विचारलं की 'चाललंय' म्हणायचा. भूमितीच्या शिक्षकाचा हात महिनाभर फळ्याला लागला नाही म्हणजे काय झालं असेल, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्याला आकृती काढताना पाहणं हा केवढा आनंद असे! कंपासशिवाय, एका झटक्यात, मनगट न उचलता तो वर्तुळ काढायचा आणि ते बरोबर जिथे सुरू झालं तिथेच मिळायचं. त्या दुखापतीनंतर ते वर्तुळ पूर्वीसारखं जमत नाही, हेही मला त्या इंजिनिअरच्या धाकट्या भावाकडून कळलं. तोही त्याचाच विद्यार्थी. सर नंतर मोठा लाकडी कंपास वापरायचे, म्हणाला.

मी त्याच संध्याकाळी मास्तरकडे गेलो आणि सगळं बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या वर्षी पोरांना भूमितीत फार चांगले मार्क पडले." आणि चहा टाकायला उठला.

या डिसेंबरात आम्ही आंबेवाडीला गेलो. चढायला नाही. मास्तरचे गुडघे आता मानत नाहीत आणि त्याच्याशिवाय मदनच्या पॅचवर जायची माझी इच्छा नाही. डांबरी रस्ता झालाय. अलंग-मदनला आता शनिवार-रविवारी पुष्कळ गट येतात, कातळात बोल्ट ठोकलेले आहेत, गावातली तरुण पोरं रोप लावतात आणि घराघरांत जेवणाची सोय आहे. हे चांगलंच झालं. फक्त आम्ही चहा पीत असताना एक गट वाटाड्याच्या मजुरीवरून घासाघीस करत होता, दोनशे रुपयांसाठी, पंधरा जणांचा गट. मला ते बघवलं नाही. जो माणूस तुम्ही वेळेत परतला नाहीत तर कंदील घेऊन नाळ चढणार आहे, त्याच्याशी दोनशे रुपयांचं काय बोलायचं?

मामा जाऊन आठ वर्षं झाली. मावशी आहेत. ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. सुनेने मोठ्याने सांगितलं की कल्याणहून दोन पाहुणे आलेत, पूर्वी यायचे ते. मावशींना उमजेना. मास्तर त्यांच्यापुढे खाली बसला, माझ्या आईसमोर बसायचा तसा, आणि काही न बोलता उजवा हात त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटा केला. अंगठ्याने तळहात चाचपला. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांचा अंगठा सावकाश गेला आणि परत आला.

"मास्तर," त्या म्हणाल्या.

मग मान वळवून मी उभा होतो त्या बाजूला बघत विचारलं, "आन त्यो भरवनारा? त्यो आलाय का?"

मी पुढे होऊन त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी दुसऱ्या हाताने माझं डोकं चाचपलं आणि घराच्या आत हाक दिली, सुनेला, दोघांच्या भाकरी टाक म्हणून.